टोपली खाली आणा: प्राथमिक शिक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांस,



क्रीडा खात्याला किंवा एखाद्या संघटनेला न लिहिता हे पत्र मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. पहिली ते चौथीच्या वर्गांना बहुतेक शाळांत वेगळा क्रीडाशिक्षक नसतो. सकाळी ज्या बाईंनी हातच्याची वजाबाकी शिकवली, त्याच शेवटच्या तासाला शिट्टी घेऊन मैदानावर येतात. सहा-सात वर्षांच्या मुलाचं खेळाशी नातं कसं जुळतं, हे त्या तासाला ठरतं. मी नेदरलँड्समध्ये राहते आणि इथल्या एका क्लबात लहान मुलांच्या कॉर्फबॉलच्या सरावाला मदत करते. त्या सरावात जे छोटे छोटे खेळ घेतले जातात, त्यांच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. विनंती एकच आहे. आठवड्यातला पीटीचा एक तास असा ठेवा, की त्यात मुलं आणि मुली एकत्र खेळतील, कोणीही बाद होणार नाही आणि प्रत्येकाच्या हाती वारंवार चेंडू येईल.

कॉर्फबॉल हा मुळात एका शिक्षकाने आपल्या वर्गासाठी बसवलेला खेळ. ॲमस्टरडॅममध्ये शिकवणारे निको ब्रूकहाउझेन १९०२ साली स्वीडनमधल्या नेस या ठिकाणी शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गाला गेले होते. खांबाला लावलेल्या कड्यातून चेंडू टाकायचा एक खेळ तिथे त्यांच्या पाहण्यात आला. परत आल्यावर त्यांनी कड्याच्या जागी बूड नसलेली वेताची टोपली लावली, नियम सोपे केले आणि मुलामुलींच्या मिश्र वर्गाला तो खेळ शिकवला. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, त्याची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९२० च्या अँटवर्प आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेला. आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात, आणि आपल्याकडेही विद्यापीठ पातळीवर कॉर्फबॉलचे मिश्र संघ खेळतात. म्हणजे नाव तुमच्यातल्या काहींच्या कानावर आलेलं असेल.

मोठ्यांच्या खेळात एका संघात चार पुरुष आणि चार स्त्रिया असतात. निम्मे आक्रमणाच्या भागात, निम्मे बचावाच्या. टोपली साडेतीन मीटर उंच, मागे फळी नाही, त्यामुळे चारही बाजूंनी फेकता येतं. चेंडू घेऊन पळायचं नाही, तो आपटत न्यायचा नाही, कोणाच्या हातून हिसकावायचा नाही. पुरुषाने पुरुषाला अडवायचं, स्त्रीने स्त्रीला. दोन गोल झाले की भाग बदलायचे: आक्रमक बचावाला येतात, बचाव करणारे आक्रमणाला जातात. या नियमांमागे शिक्षकाची नजर आहे हे लगेच कळतं. वर्गातलं सगळ्यात दांडगं मूल चेंडू घेऊन एकटंच सुसाट निघू शकत नाही. कोणी कायमचा गोलरक्षक राहत नाही आणि कोणी कायमचा हिरो होत नाही. पुढे जायचं तर सोबत्याकडे चेंडू द्यावाच लागतो.

पण हे सगळे नियम पहिलीच्या मुलांपुढे एकदम मांडले तर खेळ बसणार नाही. इथे तसं कोणी करतही नाही. सगळ्यात लहान गटासाठी टोपली अडीच मीटरवर येते, मग तीन मीटर, आणि मोठं झाल्यावर साडेतीन. चेंडूही लहान असतो, फुटबॉलच्या तीन नंबरच्या मापाचा. आठांऐवजी चार-चार जणांचे संघ छोट्या मैदानावर खेळतात. आणि सरावाचा मोठा भाग तर सामना नसतोच. तो असतो शिवाशिवीचा.

शिवाशिवीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळं मर्म तिथे आहे. दोन मुलांवर राज्य द्या आणि त्या दोघांत मिळून एक चेंडू द्या. बाकीच्यांना शिवायचं ते चेंडूने, पण चेंडू हातातच ठेवून, फेकून मारून नव्हे. अट एकच: ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने जागचं हलायचं नाही. सुरुवातीला राज्य असलेली दोन्ही मुलं चेंडूकडेच धावतात, एकमेकांना खेटून उभी राहतात आणि बाकीचा वर्ग लांब उभा राहून त्यांना वेडावतो. काही मिनिटं असंच जातं. तुम्ही काही सांगू नका, थांबा. मग दोघांपैकी एकाच्या लक्षात येतं, की आपल्या हातात चेंडू नसतो तेव्हाच आपल्याला पळता येतं. ते मूल पळत जाऊन एखाद्या बेसावध मुलीशेजारी उभं राहतं आणि ओरडतं, 'दे, दे, इकडे दे!' चेंडू येतो, हात लांबतो, ती मुलगी शिवली जाते. कॉर्फबॉलमधली सगळ्यात अवघड गोष्ट, म्हणजे चेंडू नसताना मोकळी जागा हेरणं, त्या मुलाने स्वतः शोधून काढलेली असते. मोठ्या संघांचे प्रशिक्षक याच गोष्टीसाठी घसा कोरडा करतात. शिवलं गेलेलं मूल बाहेर बसत नाही, ते राज्य असलेल्यांना येऊन मिळतं. शेवटी अख्खा वर्ग राज्यावर आणि दोघं-तिघं पळताहेत अशी वेळ येते, तेव्हा मैदानावर जो गलका होतो तो शेजारच्या वर्गाला ऐकू जाईल. त्याची तयारी ठेवा.

दुसरा खेळ तर तुमच्या अंगणातलाच आहे. विषामृत. 'विष' मिळालेलं मूल जागीच थिजतं. त्याने दोन्ही हात पुढे करून, बोटं फाकवून उभं राहायचं. 'अमृत' मात्र हाताने शिवून द्यायचं नाही, चेंडूने द्यायचं. मोकळ्या मुलांकडे तीन-चार चेंडू असतात. थिजलेल्या मुलाकडे चेंडू टाकायचा, त्याने तो झेलला की ते सुटलं, आणि चेंडू आता त्याचा. त्याने पुढच्याला सोडवायचं. झेल सुटला तर पुन्हा टाकायचा. इथे चांगलं खेळणाऱ्या मुलाची गंमत पळून जाण्यात नसते, सोडवण्यात असते. आणि चेंडू नीट, हळू, झेलता येईल असा टाकला तरच सोडवता येतं. 'जोरात मारू नकोस' हे शंभरदा सांगून जे साधत नाही, ते हा खेळ एका तासात साधतो.

सहा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे यायला लागली तेव्हा चेंडू येताना दिसला की डोळे घट्ट मिटून मान फिरवायची. पळायला चपळ, पण झेलायची वेळ आली की अंग आक्रसून घ्यायची. अशा मुलाला 'घाबरतेस काय' म्हणण्यात काही अर्थ नसतो. चेहऱ्याकडे येणाऱ्या वस्तूपुढे डोळे मिटणं ही शरीराची उपजत सवय आहे. तिच्यासाठी आधी फुगा घेतला, कारण फुगा हळू येतो आणि लागला तरी लागत नाही. मग जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू. मग एक टप्पा पडून येणारा मऊ चेंडू. टप्पा पडलेला चेंडू खालून वर येतो, तोंडावर येत नाही, म्हणून नजर त्याच्यावर टिकते. विषामृतात तिचे सवंगडी न सांगता तिला टप्प्याचाच चेंडू द्यायला लागले. मुलांना अशा गोष्टी फार लवकर कळतात. पुढे ती सरळ फेकलेला चेंडूही झेलू लागली, आणि झेलल्यावर तो पोटाशी कवटाळून धरायची तिची सवय आम्ही अजून सोडवतो आहोत.

इथे चिंध्यांच्या चेंडूची आठवण होते. आपल्याकडे आजीच्या जुन्या लुगड्याचा घट्ट बांधलेला चेंडू असायचा. पहिली-दुसरीसाठी त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही. मऊ असतो, लांब गडगडत जात नाही, आणि खर्च काहीच नाही. चाळीस मुलांच्या वर्गाला दोन रबरी चेंडू अशी स्थिती असेल, तर चिंध्यांचे वीस चेंडू मुलांकडूनच करून घ्या. दोघांत एक चेंडू हे प्रमाण पक्कं धरा. एका चेंडूमागे वीस मुलं रांगेत उभी असतील तर त्या तासाला एकोणीस मुलं फक्त उभं राहायला शिकतात.

टोपलीवर फेकण्याचा सराव त्यानंतरचा. एका खांबाला चार मुलं, त्याहून जास्त नकोत. एकाने फेकायचं, एकाने खांबाजवळ उभं राहून त्याला चेंडू द्यायचा, एकाने खाली पडणारा चेंडू अडवायचा, चौथ्याने मोजायचं. प्रत्येक फेकीनंतर जागा बदलायच्या. फेक दोन्ही हातांनी, चेंडू हनुवटीखाली, गुडघे किंचित वाकवून. देवळातली घंटा वाजवायला मूल टाचा उचलून दोन्ही हात वर नेतं, अगदी तसे हात वर जाऊ द्या. मागे फळी नसल्यामुळे चेंडू सपाट फेकून चालत नाही, तो उंच जाऊन वरून टोपलीत उतरावा लागतो. पहिल्यांदा खांबापासून एक पाऊल, तिथून जमलं की दोन पावलं. टोपलीच्या काठाला नुसता लागला तरी एक गुण द्या आणि आत पडला तर दोन. लहान मुलाला दहा फेकींत एकदाही काही मिळालं नाही तर ते अकरावी फेक करत नाही.

आणि मोजायचं ते एकत्र. 'कोणाचे जास्त' यापेक्षा 'आपल्या वर्गाचे मिळून पन्नास कधी होतात' हे मुलांना जास्त चढतं. मी दोन्ही पद्धती पाहिल्या आहेत. पहिल्या पद्धतीत तीन मुलं जोमाने खेळतात आणि बाकीची हळूहळू खांबापासून दूर सरकतात. दुसऱ्या पद्धतीत ज्याची फेक कधीच लागत नाही त्याची एक फेक लागली तरी सगळे उड्या मारतात, कारण तो गुण सगळ्यांचा असतो.

पास मोजायचा खेळही घ्या. पाच-पाच जणांचे दोन गट. चेंडू खाली न पडता सलग पाच पास झाले की एक गुण. इथे एक सूचना करते, कारण चांगल्या हेतूने उलटंच घडताना पाहिलं आहे. 'मुलीला पास दिलाच पाहिजे' असा नियम करू नका. त्या नियमामुळे मुली म्हणजे उरकून टाकायची अट होते. मुलगा तोंड वाकडं करून चेंडू देतो आणि लगेच परत मागतो. त्याऐवजी 'गटातल्या पाचही जणांचा हात चेंडूला लागल्याशिवाय गुण नाही' असं म्हणा. त्यात लाजरा मुलगाही आला, नवीन आलेलं मूलही आलं आणि मुलीही आल्या, कोणाकडे बोट न दाखवता.

अडवायला शिकवण्याची घाई करू नका. मोठ्यांच्या खेळात एक सुरेख नियम आहे: अडवणारा तुमच्यापेक्षा टोपलीच्या जवळ, हाताच्या अंतरावर, तुमच्याकडे तोंड करून हात वर धरून उभा असेल तर तुम्हाला फेकता येत नाही. तिसरी-चौथीत याची सोपी आवृत्ती घ्या. दोघं समोरासमोर, एकाकडे चेंडू, दुसऱ्याचा हात वर. चेंडूवाल्याने चेंडू सोबत्याला द्यायचा, मोकळ्या जागेत पळायचं, चेंडू परत घ्यायचा आणि समोरचा पोचण्याआधी फेकायचं. अंगाला हात लावायची गरजच पडत नाही. धक्का दिला तर खेळ थांबतो, चेंडू समोरच्याकडे जातो, आणि मुलं धक्के देणं आपोआप सोडतात.

यावरून पालकांचा प्रश्न आठवला. 'मुली आणि मुलं एकत्र कशी खेळणार?' तो प्रश्न ॲमस्टरडॅमलाही पडला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या शहरात मुलींचे उघडे घोटे आणि गुडघे दिसतात म्हणून या खेळावर टीका झाली. तरीही खेळ टिकला. तो अंगचटीचा नाही हे मैदानावर येऊन पाहिलं की कळतं. तुमच्याकडेही पालकांना बोलवा, तासभर बसू द्या. पण खरं तर पहिली-दुसरीत ही शंका यायचंही कारण नाही. त्या वयात मुलगा-मुलगी हा भेद मुलांमध्ये अजून पक्का झालेला नसतो. आपणच प्रार्थनेला मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी करतो. चौथीपर्यंत मुलं क्रिकेटकडे गेलेली असतात आणि मुली कडेला गप्पा मारत किंवा दोरीवर उड्या मारत बसलेल्या असतात. पुढे आठवीत एकदम 'मिश्र संघ करा' म्हटलं की कोणी कोणाकडे चेंडू टाकत नाही. सुरुवात करायची तर ती भिंत उभी राहण्याआधी करायला हवी, म्हणून हे पत्र माध्यमिक शाळांना नाही, तुम्हाला आहे.

काही जण म्हणतील, आपला खो-खो आहे, लंगडी आहे, हे परदेशी खेळ कशाला? खो-खोवर माझं मनापासून प्रेम आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम १९१४ मध्ये बांधायला घेतले. म्हणजे कॉर्फबॉल आणि खो-खो दोन्ही साधारण एकाच काळात नियमांत बसले. वेग, चकवा, सोबत्यावरची नजर यांत खो-खोचा हात धरणारे खेळ थोडे. पण त्यात चेंडू नाही, फेकणं-झेलणं नाही, आणि बाद झालेल्या मुलाला बाहेर जावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाला ते चालतं. सहा वर्षांचं मूल, त्यातही ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच, सगळ्यात आधी बाद होतं आणि सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं. संगीत खुर्चीचंही तेच. खो-खो जरूर शिकवा, पण त्याच्या शेजारी एक तास या खेळांना द्या. दोन्हींचं भांडण नाही. विषामृतात चेंडू आणला तर विषामृत परदेशी होत नाही.

सामानाची अडचण खरी आहे, पण ती पैशाची कमी आणि कल्पकतेची जास्त आहे. वेताची टोपली घ्या, साधारण ४० सेंटिमीटर व्यासाची आणि २५ सेंटिमीटर उंचीची, आणि तिचं बूड कापा. काठावर टोचणाऱ्या काड्या राहू देऊ नका, जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळा. पत्र्याच्या मोठ्या डब्यात काँक्रीट भरून त्यात बांबू उभा करा आणि टोपली तारेने घट्ट बांधा. पहिलीसाठी दोन मीटरवर बांधली तरी चालेल. मुलं मोठी झाली की वर सरकवता येते. डबा जड हवा, नाहीतर मुलं बांबूला लटकतील आणि तो अंगावर येईल. हे मात्र आधी स्वतः हलवून बघा. मैदान नसेल तर शाळेपुढचं अंगण पुरतं. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदानाबरोबर प्रत्येक वर्गासाठी खेळाचं साहित्यही आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा वाचून दाखवायला हरकत नाही.

मदतीला माणूस कुठून आणायचा? इथे लहानांचा सराव बहुतेक ठिकाणी चौदा-पंधरा वर्षांची मुलं-मुली आणि पालक घेतात. कोणी पगारी नसतं. तुमच्या शाळेला जोडून सातवी-आठवीचे वर्ग असतील तर त्यातल्या चार जणांना या तासाला बोलवा. मोठ्या मुलीने शिट्टी वाजवली की पहिलीचं पोर जितकं ऐकतं तितकं ते आपलं ऐकत नाही. आणि त्या मोठ्या मुलांना लहानांना काही शिकवण्याची जी जबाबदारी वाटते, ती त्यांना दुसऱ्या कुठल्या तासाला सहसा मिळत नाही.

स्पर्धेचं मात्र ऐका. हे खेळ रुजले की कोणीतरी केंद्रस्तरावर करंडक ठेवायची कल्पना मांडेल. चौथीपर्यंत करंडक नको. करंडक आला की शाळा दहा चपळ मुलं निवडते आणि उरलेली तीस पुन्हा कडेला बसतात. म्हणजे ज्यासाठी हे सगळं करायचं तेच हातचं जातं. क्रीडा सप्ताहात काही दाखवायचंच असेल तर अख्ख्या वर्गाला उतरवा, आणि शेवटी प्रत्येक मुलाला टोपलीवर एकेक फेक घेऊ द्या. इथे लहानांच्या सामन्यांनंतर अशी फेक घेतात. सामन्यात ज्याला एकदाही टोपलीवर फेकायला मिळालं नाही, तेही मूल त्या क्षणी मैदानाच्या मध्यभागी उभं असतं.

पावसाळ्यात अंगणात चिखल असतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की जमीन कोरडी होते आणि वार्षिक परीक्षा लांब असते, तेव्हा सुरुवात करा. पहिला महिना टोपली बांधूच नका. शिवाशिवी, विषामृत आणि पाच पास एवढ्यावरच ठेवा. दुसऱ्या महिन्यात टोपली बांधा. चार-चारचा सामना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एखाद-दोनदा झाला तरी पुष्कळ आहे.

आपली,
नेदरलँड्समधली एक मराठी पालक आणि लहान मुलांची प्रशिक्षक